टेबलावर पीठ आलं

आमच्या घरात टेबलावर पिठाचा पुडा आला, की कोणी कोणाला काही विचारायचं नाही. बांधाबांध सुरू करायची. हा नियम कोणी केला ते मला विचारू नका. आपोआप पडला, आणि अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. बाराव्या वर्षी चुकला, आणि तोही माझ्या हातून. जिने आयुष्यभर त्या पुड्याच्या नावाने बोटं मोडली तिच्याच हातून.

आमचे हे पिठाच्या गिरण्या उभ्या करतात. कोपऱ्यावरची चक्की डोळ्यांसमोर आणू नका. चार-चार मजली गिरण्या. गहू वर चढतो आणि मजले उतरत खाली येईपर्यंत त्याचा मैदा, रवा, कोंडा वेगवेगळा होतो. यंत्रं पेट्यांतून सुटी येतात. ह्यांनी ती जोडायची, ओळंबा सोडायचा, पाणसळ ठेवून पातळी बघायची, खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवून एकेक यंत्र असं बसवायचं की ते चालू असताना वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सांडता कामा नये. सहा महिने, कधी आठ. मग पहिलं पोतं भरतं. मालक खूश होऊन त्यातलं दोन-तीन किलो ह्यांच्या हातात देतो, आणि हे तो पुडा घरी आणून टेबलावर ठेवतात. म्हणजे इथलं काम संपलं. पुढच्या गावाला चला.

त्या परक्या देशात आम्ही उतरलो तेव्हा आमची खारू पाच वर्षांची होती. खारू म्हणजे मुलगी. प्रत्येक घरात कुठे तरी काही तरी लपवून ठेवायची, खारीसारखी, म्हणून खारू. "दोन वर्षांचं तर काम आहे, तेवढाच देश बघून होईल," असं हे म्हणाले होते. देश कसला बघतेय डोंबलाचा! सोळा घरांच्या मोऱ्या बघितल्या. लोक फिरून आले की डोंगर-समुद्राचे फोटो दाखवतात. मला विचाराल तर मी सांगेन, चांभाराच्या दुकानावरच्या घरात दुपारी नळाला पाणी नसायचं, मालगाड्यांच्या यार्डाजवळच्या घरात फळीवरच्या कपबश्या आपसूक किणकिणायच्या, आणि एका घराचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं, तेही थेट जिन्यावर, त्यामुळे कोणी आलं की त्याला आधी दोन पायऱ्या खाली उतरायला सांगावं लागे. गावांची नावं माझ्या लक्षात राहिली नाहीत. उंदरांची गिरणी, उंच गिरणी, मालक रडला ती गिरणी, अशी आमची गावं.

सामान एकूण सतरा नग. त्याहून एक चमचा जास्त घ्यायचा नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण निघताना मालकीण भिंतीवरून हात फिरवून बघते. पुडा आला की हे पलंग सुटे करणार, मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळणार, आणि खारू शाळेचा अर्ज काढणार. मला तिथली भाषा बोलता येते, झकास भांडताही येतं, पण लिहायला बसले की अक्षरं पळून जातात. हे बारा-बारा तास गिरणीत. त्यामुळे खारू नऊ वर्षांची झाल्यापासून शाळा सोडण्याचे अर्ज तीच लिहायची. एकदम चार-पाच प्रती लिहायची, वळणदार अक्षरात, तारीख आणि इयत्ता कोरी ठेवून. खाली बाबांची सही आधीच घेऊन ठेवायची. कारण ठरलेलं. वडिलांची बदली. जवळच्याच गावात गेलो तर शाळा तीच राहायची, तरी नऊ शाळा झाल्या पोरीच्या.

कधी कुरकुर केली नाही तिने. नव्या वर्गात पहिल्या दिवशी कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही, हे तिला अर्ध्या तासात कळायचं. एकच गोष्ट तिची स्वतःची होती. वाढदिवसाला ती कपाटाच्या दाराला आतून पाठ लावून ताठ उभी राहायची, हे तिच्या डोक्यावर पाणसळ ठेवायचे, मधला बुडबुडा बरोबर रेघांमध्ये येईपर्यंत तिला श्वास सोडू द्यायचे नाहीत, आणि मग पेन्सिलीने बारीक रेघ मारायचे. आतल्या बाजूला, मालकिणीला दिसणार नाही अशी. पुढच्या वाढदिवसाला घर दुसरं, कपाट दुसरं. दहा वर्षांत दहा रेघा झाल्या, दहा घरांत, आणि एकाही दारावर दुसरी रेघ पडली नाही. "बाबा, मी किती वाढले?" असं ती विचारायची. हे म्हणायचे, "भरपूर." दुसरं काय सांगणार!

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. दर घरी, दर पुड्याला मी ह्यांचं डोकं खाल्लं. "मला एक घर द्या. एक. जिथे मी खिळा मारीन, जिथे मला शेजारीण दोन वर्षं पुरेल." हे ऐकून घ्यायचे आणि पेटीची दोरी आवळायचे.

मग खारू पंधरा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी जेवताना मान वर न करता म्हणाली, "शेवटची दोन वर्षं मला एकाच शाळेत काढू द्या. परीक्षा झाली की मग मला कुठेही न्या." बस्स, एवढंच. मी दहा वर्षं आरडाओरडा करून जे झालं नाही ते पोरीच्या एका वाक्याने झालं. नुकत्याच उभ्या केलेल्या गिरणीच्या मालकाकडे ह्यांनी देखभालीची कायमची नोकरी मागून घेतली. आम्ही ह्या सतराव्या घरात आलो. खाली एक शिवणकाम करणारी बाई, वर आम्ही, दोन खोल्या, मागे गॅलरी. तीन आठवड्यांनी खारूचा सोळावा वाढदिवस आला आणि कपाटाच्या दाराला अकरावी रेघ पडली. "पुढच्या वर्षी हिच्यावर दुसरी," ती म्हणाली आणि रेघेखाली तारीख घातली. तारीख तिने पहिल्यांदाच घातली होती.

आता खरं सांगायची वेळ आली आहे, तर सांगते. पहिले पाच महिने मी स्वर्गात होते. खिळा मारला. एकाच्या जागी चार मारले. गॅलरीत एक कुंडी आणली, तिला पानं फुटली की सगळ्यांना दाखवत सुटायची. सहाव्या महिन्यात माझे पाय शिवशिवायला लागले. आधी वाटलं, हवा बदलली असेल. मग मी पलंग खिडकीखाली सरकवला. मग परत भिंतीला. मग टेबल पलंगाच्या जागी. हे घरी आले की आधी दारात उभे राहून अंदाज घ्यायचे, आज कुठे बसायचं म्हणून. बाजारात जायचं निमित्त काढून मी बसस्टँडवर जाऊन बसायची. कुठे जायचं नसायचं. नुसत्या पाट्या वाचायच्या. रिकाम्या पेट्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्या मी आठवड्याला खाली काढून पुसायची. "आई, त्या काय देव आहेत का?" खारू चिडवायची.

आणि खालच्या बाईशी भांडण. माझ्या कुंडीचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या कापडावर पडलं, ती बोलली, मी चार शब्द जास्त बोलले. पूर्वीही माझी भांडणं व्हायची, सगळ्या देशभर झाली आहेत, पण सहा महिन्यांत गाव सुटायचं आणि भांडण तिथेच राहायचं. आता ती बाई रोज जिन्यात भेटायची. हे भांडण मिटवावं लागणार होतं, आणि मला मिटवता येत नाही हो. कधी वेळच आली नव्हती. चार दिवस मान फिरवून चढले-उतरले, शेवटी तोंड वेडंवाकडं करून 'चुकलं माझं' म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "तुमचा गुडघा कसा आहे?" घ्या! माझा गुडघा दुखतो हे हिला माहीत! गावातल्या एका परक्या बाईला माझा गुडघा माहीत आहे, ह्या विचाराने मला दिवसभर कसंसंच होत राहिलं.

पण हे मी कोणाला सांगू? ज्या घरासाठी दहा वर्षं ऊर बडवला ते मिळाल्यावर 'मला नको' म्हणायला तोंड कुठे होतं? ह्यांच्याकडे बघून तर अजिबात जीभ उचलत नव्हती. गिरण्या उभ्या करणारा माणूस आता दुसऱ्यांनी सैल केलेले पट्टे ताणत बसला होता, तेही आमच्यासाठी.

अशात तो मंगळवार उजाडला. दोन दिवसांनी, गुरुवारी, खारूचा सतरावा वाढदिवस होता. शेवटच्या वर्षाची शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची यादी त्या शनिवारी बंद होणार होती. यादीत नाव नसेल त्याचं वर्ष गेलं. हे सगळं मला ठाऊक होतं. मला काही ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

हे सकाळीच सांगून गेले होते की गिरणीच्या ट्रकबरोबर दुसऱ्या गावी जाऊन दळणाच्या यंत्राचा एक रोल घेऊन यायचा आहे, गुरुवारी संध्याकाळपर्यंत येतो. मी बाजारातून साडेअकराला आले. कपडे घ्यायला हे मधे घरी येऊन गेले होते. आणि टेबलावर पिठाचा पुडा होता. तोच खाकी कागद, तीच सुतळी.

माझ्या अंगात वारं शिरलं. दुसरा शब्द नाही. पिशवी दारातच टाकली, स्टुलावर चढले आणि माळ्यावरून पेट्या खाली ओढल्या. गुडघा दुखला नाही. मनात विचार आला नाही असं नाही. आला, की अगं बाई, कायमची नोकरी आहे, पोरीची परीक्षा आहे. मी त्या विचाराला म्हटलं, तू बस बाजूला. जुन्या कंपनीने बोलावलं असेल, ह्यांना राहवलं नसेल, नव्या गावात बघू काय ते. फोन उचलून विचारायला एक मिनिट लागलं असतं. नाही विचारलं. पुडा आला की विचारायचं नाही, हा नियम मला त्या दिवशी फार सोयीचा पडला.

दोन तासांत स्वयंपाकघर पेट्यांत गेलं. चारही खिळे उपटले. दूधवाल्याला निरोप ठेवला. कुंडी उचलली आणि खालच्या बाईच्या हातात दिली. "आम्ही निघालो," मी म्हटलं. ती मशिनवरून उठलीच. "असं अचानक?" "आमचं असंच असतं," मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला कोण रुबाब वाटला! मग फाइलमधून खारूच्या अक्षरातला अर्ज काढला. एकच प्रत शिल्लक होती. तारीख आणि इयत्ता तेवढी मी घातली.

शाळेच्या ऑफिसातल्या कारकूनबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "आता? शनिवारी यादी बंद होते. नव्या गावात तोवर नाव लागेल?"

"लागेल हो."

"आमच्याकडे जागेसाठी मुली थांबल्या आहेत. तुमची जागा उद्या सकाळीच भरली जाईल. मुलगी वर वर्गात आहे, बोलावू का?"

"कशाला? घरी येईलच की," मी म्हटलं. त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, मी घेतला. दहावा. तो पदराखाली धरून मी रस्त्याने चालले होते तेव्हा मी गुणगुणत होते. किती वर्षांनी, देव जाणे.

खारू पाच वाजता आली. दारात पेट्या बघून थांबली. दप्तर खाली ठेवलं नाही.

"काय झालं?"

"पुडा आलाय," मी म्हटलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

"बाबांना विचारलंस?"

"अगं, पुडा आलाय ना!"

"आई, बाबांना विचारलंस का?"

माझा आवाज चढला. मी चुकले की माझा आवाज आधी चढतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "दर वेळी काय विचारायचं असतं? हा बघ दाखलाही आणला!" तिने तो हातात घेतला. वाचला. मग त्याला टाचलेला अर्ज बघितला, स्वतःच्या अक्षरातला, तेराव्या की चौदाव्या वर्षी लिहिलेला. तिने काही फेकलं नाही, काही फाडलं नाही. कपाटाजवळ गेली, दार उघडलं आणि त्या रेघेखाली पाठ टेकून बसली. "तू गाणं म्हणत होतीस," ती म्हणाली. "जिन्यातच ऐकू येत होतं. मला वाटलं माझ्या वाढदिवसाचं काही तरी आणलंस."

फोन तिनेच लावला, स्पीकरवर टाकला. ट्रकची घरघर, त्यात ह्यांचा आवाज. "पीठ? अगं हो, सांगायचं राहिलं. नोकरीला एक वर्ष पुरं झालेल्या कामगाराला इथे महिन्याला तीन किलो पीठ देतात. माझं वर्ष भरलं ना! म्हटलं, खारूच्या वाढदिवसाला काही तरी करशील."

मी बांधलेल्या पेट्यांकडे बघितलं. घड्याळही पेटीत गेलेलं. "हॅलो? ऐकू येतंय का?" हे विचारत राहिले. खारू म्हणाली, "आईने शाळेतून माझं नाव काढलंय, बाबा." मग तिने स्पीकर बंद केला, फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत निघून गेली.

मला वाटलं, हे आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते एवढंच म्हणाले, "तू विचारलं का नाहीस गं?" आणि मग जरा थांबून, "तुला जायचं होतं का?" माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ज्या बाईचं तोंड सोळा घरमालकिणींना बंद करता आलं नाही, तिचं.

बुधवारी शाळा उघडायच्या आधी आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. वाटेत खारू माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होती. ऑफिसाबाहेरच्या बाकावर एक माणूस कामाच्या कपड्यांत बसला होता, शेजारी त्याची मुलगी, नवे बूट घालून. कारकूनबाईंनी आदल्या संध्याकाळी त्यांना फोन केला होता. ती आमच्या जागेसाठी आली होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला आत घेतलं. त्यांच्यापुढे दाखला होता आणि अर्ज होता.

"तुमच्या मुलीचे आधीचे नऊ दाखले आमच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "दहावा आम्ही काल दिला. तो मी आज रद्द केला, आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा आलात तर? बाहेर ती मुलगी बसली आहे, तिला मी काय सांगू?"

"नाही येणार."

"काल बदली होती. आज नाही. आणि अर्ज तर हिच्याच अक्षरातला आहे." त्यांनी खारूकडे बघितलं. "तुला जायचं होतं?"

खारूने मान हलवली, नाही म्हणून. मला वाटलं ती सांगेल, सगळं आईनेच केलं. ती खाली फरशीकडे बघत राहिली. पोरीने मला तिथेही पाठीशी घातलं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मला जायचं होतं," मी म्हटलं. "ह्यांची बदलीबिदली काही नाही. मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. दहा वर्षं मी रडले की मला एक घर द्या. दिलं तर त्या घराच्या भिंती मला खायला उठतात. मला राहताच येत नाही हो एका जागी. शिकलेच नाही. पण हे माझं आहे, बाई, हिचं नाही. हिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि ती मी काल गाणं म्हणत घालवली. मला काय बोलायचं ते बोला. हिचं वर्ष नका घेऊ." आणि मग मी रडले, नाक ओढून, एखादं शाळकरी पोर रडतं तशी. मला कोणी रुमालही दिला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी कालचा अर्ज बाजूला केला. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "दाखला रद्द करायचा अर्ज लिहा. कारणासकट."

खारूने सवयीने पेन उचललं. "तू नाही," बाई म्हणाल्या. "आई लिहील."

पंधरा मिनिटं लागली मला. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी खालीखाली उतरत गेली. कालचा अर्ज मी चुकून दिला, असं लिहिलं, मग 'चुकून' खोडलं. कालचा अर्ज मी दिला. माझ्या मुलीला जायचं नाही. ती इथेच शिकेल. आम्ही कुठेही जाणार नाही. शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता, ते खारूने बघितलं. मीही बघितलं. मग लिहिलं आणि सही केली.

बाईंनी दाखल्यावर आडवं 'रद्द' लिहिलं आणि यादीत खारूचं नाव होतं तिथे ठेवलं. बाहेर आलो तेव्हा बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. आमची तोंडं बघून त्याला कळलं असावं. त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि ते नवे बूट अजून डोळ्यांपुढे येतात.

घरी आल्यावर खालच्या बाईकडे कुंडी मागायला गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कुंडी दाराशीच ठेवली होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्याने ही कुंडी पुन्हा वर कशी नेणार?" एरवी मी ऐकून घेतलं नसतं. घेतलं.

खारू माझ्याशी बोलत होती, म्हणजे मीठ दे, पाणी दे इतकंच. पेट्या आम्ही दोघींनी मिळून रिकाम्या केल्या. खिळे होते त्याच भोकांत मी परत ठोकले. पिठाचा पुडा मात्र टेबलावर तसाच होता, त्याला कोणी हात लावला नाही.

गुरुवारी संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले. पिशवीतून पाणसळ काढली आणि म्हणाले, "चला वाढदिवसवाल्या बाई, कपाटाशी."

खारूच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा काही तरी हललं. ती कपाटाच्या दाराशी उभी राहिली, पाठ भिंतीसारखी सरळ, हनुवटी आत. ह्यांनी डोक्यावर पाणसळ ठेवली, वाकून बुडबुडा बघितला. "श्वास सोडू नकोस." पेन्सिल फिरली. ती बाजूला झाली आणि आम्ही तिघं दाराजवळ सरकलो.

एकच रेघ होती.

हे अजून जवळ गेले. चष्मा काढून बघितलं, परत घालून बघितलं. नवी रेघ बरोबर जुन्या रेघेवर पडली होती. यंत्र बसवणाऱ्याचा हात, चुकतोय कशाला! "केसभर असेल," ते म्हणाले. "केसभर तरी असेल बघ वर."

"नाहीये, बाबा," खारू म्हणाली. "झालं माझं वाढून."

ती हसली, खरंच हसली. माझ्या मात्र डोळ्यांसमोर ती सगळी कपाटं आली. पोर वाढली ती सगळी लोकांच्या कपाटांत वाढली. चांभाराच्या घरी चार बोटं असेल, यार्डाजवळ तीन, मालक रडला त्या गावात बहुधा सगळ्यात जास्त, कोणी मोजलंय! तिथे आज कोणाकोणाचे कपडे टांगलेले असतील, आणि आत पेन्सिलीची एकेक रेघ. आम्ही थांबलो तेव्हा तिचं वाढणं संपलं होतं. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "मला माफ कर गं." असं मी कोणाला कधी म्हटलेलं नाही. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. तेव्हा कळलं, ती माझ्याहून उंच झाली आहे. हे कधी झालं ते मला सांगता येणार नाही.

"आता तू उभी राहा," ती म्हणाली.

"मी? मी कशाला? माझं काय वाढायचं राहिलंय?"

"तुझी रेघ एकाही घरात नाहीये. उभी राहा म्हणते ना!"

तिने मला धरून दाराशी लावलं. ह्यांच्या हातातून पाणसळ घेतली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. थंडगार वाटली. समोर खिडकी होती, खाली रस्त्यावरून एक बस वळण घेत होती, आणि माझी मान आपोआप तिकडे वळली.

"आई," खारू म्हणाली, "हलू नकोस ना."

मी टाचा दाराला घट्ट लावल्या आणि श्वास धरला. बुडबुडा मध्यावर यायला फार वेळ लागत होता.